सिकलसेल असलेल्या मुलांचं जीवनमान पालकांना विचारून मोजताना: कोणाला विचारावं, कधी, आणि गुण कसे काढावेत?

पळसफूल

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिकलसेलचा आजार (एसएस) असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या मुलांचा अभ्यास आखला आहे. हिमोग्लोबिन, भरतीचे दिवस, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू आहे की नाही, हे सगळं कागदपत्रांतून मिळतं. मूल रोज जगतं कसं, खेळतं का, शाळेत टिकतं का, हे त्यातून कळत नाही. म्हणून मुलांचं जीवनमान मोजणाऱ्या पेड्सक्यूएल ४.० या प्रश्नावलीचा जेनेरिक, म्हणजे कुठल्याही आजाराला चालणारा, पालकांचा फॉर्म घेतला आहे. ग्रामीण रुग्णालयात औषधं न्यायला येणाऱ्या पालकांकडून तो भरून घ्यायचा आणि तुलनेसाठी त्याच घरातलं आजार नसलेलं भावंड धरायचं, असा बेत आहे.

अडलंय ते असं. बरेच पालक वाचू शकत नाहीत, त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतील. सरावाच्या एका फॉर्मात धावण्याच्या प्रश्नाला आईने 'जवळजवळ नेहमी' सांगितलं, म्हणजे मुलाला धावायला कायम त्रास होतो. त्याच वेळी मूल बाहेर चिंचेखाली शिवाशिवी खेळत होतं. असे फॉर्म वगळावेत का? शिवाय पालकांचं उत्तर पुरेसं आहे, की मुलांनाही विचारावं? एकूण गुण काढण्याची पद्धतही दोन प्रबंधांत दोन वेगळी दिसली. नक्की कोणती धरायची?

कोरांटी

आधी चिंचेखालच्या मुलाचं, कारण ही चूक फार ठिकाणी होते आणि आकडेवारीत गेल्यावर ती सापडत नाही.

या फॉर्मात प्रत्येक ओळ त्रासाबद्दल असते. मथळ्यात एकदाच म्हटलेलं असतं की गेल्या एका महिन्यात मुलाला पुढच्या गोष्टींत किती अडचण आली. त्याखाली नुसत्या गोष्टी येतात: धावणं, खेळ, जड वस्तू उचलणं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मथळा राहतो, ऐकणाऱ्याच्या कानात राहत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत 'अडचण' विरून जाते आणि आईच्या कानावर फक्त 'धावणं?' पडतं. ती म्हणते, नेहमी. म्हणजे पोरगं नेहमी धावतं. उत्तर बरोबर, खूण उलटी.

यावर उपाय म्हणजे वाचून दाखवताना प्रत्येक ओळीआधी मथळ्यातलं मूळ वाक्य पुन्हा म्हणायचं. स्वतःच्या शब्दांत नाही, जसंच्या तसं. २३ ओळींना २३ वेळा. कंटाळवाणं वाटतं, पण चार-पाच मिनिटंच वाढतात. सुरू करण्याआधी आजाराशी संबंध नसलेले दोन सरावाचे प्रश्न घ्या: 'गेल्या महिन्यात वीज जाण्याचा त्रास किती झाला?' 'हातपंपाचं पाणी मिळायला अडचण किती आली?' ही उत्तरं नोंदवायची नाहीत. पाच पर्यायांची शिडी आणि 'नेहमी म्हणजे वाईट' ही दिशा त्यांतून पक्की होते.

तो फॉर्म वगळू नका. त्याच बैठकीत शेवटी तेवढी ओळ पूर्ण वाक्यात पुन्हा विचारा. उत्तर बदललं तर नवीन धरा आणि शेऱ्यात 'पुन्हा विचारलं' असं लिहा. घरी जाऊन संगणकासमोर बसून आपल्या मनाने उत्तर फिरवणं मात्र अजिबात नको.

आता पालक की मूल. पाच ते सात वर्षांच्या मुलासाठी मुलाखतीचा वेगळा फॉर्म आहे, त्यात तीनच पर्याय आणि चेहऱ्यांची चित्रं असतात. आठ वर्षांपुढे पाच पर्याय. दोन ते चार वर्षांसाठी मात्र फक्त पालकांचाच. तुमचा वयोगट ५ ते १२ आहे, तर मुलांचंही घ्याच. पालकांचं उत्तर मुलाच्या उत्तराला पर्याय म्हणून वापरायचं ते मूल बोलू शकत नसेल, फार लहान किंवा फार आजारी असेल तेव्हा. एरवी ते स्वतंत्र मोजमाप आहे. दवाखान्यात कधी न्यायचं, शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हे आई-वडील त्यांना जे दिसतं त्यावरून ठरवतात, त्यामुळे त्यांना काय दिसतं हे कळायलाच हवं. पण ते 'मुलाचं मत' म्हणून छापू नका. 'पालकांनी नोंदवलेलं' असंच लिहा.

दोघांची उत्तरं कुठे जुळतात आणि कुठे नाही, याचा नमुना बऱ्याच अभ्यासांत सारखा दिसतो. चालणं, अंघोळ, शाळा बुडणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत जवळिक असते. भीती, उदासी, मित्रांनी टाळणं यांत ती कमी होते. दीर्घ आजार असलेल्या मुलांचे पालक बहुधा मुलांपेक्षा कमी गुण देतात. निरोगी मुलांच्या पालकांत पुष्कळदा उलटं दिसतं. तुम्ही भावंडं घेताय, म्हणून हे ध्यानात ठेवा: एकाच आईच्या दोन फॉर्ममधला फरक काही अंशी मुलांमधला आणि काही अंशी तिच्या पाहण्यातला असेल. मुलांचे स्वतःचे फॉर्म असतील तर हे वेगळं करता येतं, नसतील तर नाही.

मूल आणि पालक एकमेकांना ऐकू जाणार नाहीत असे बसवा, शक्यतो दोन मुलाखतकार एकाच वेळी. फॉर्म डॉक्टरांना भेटायच्या आधी आणि बाकी कुठल्याही प्रश्नावलीच्या आधी भरा. हिमोग्लोबिन साडेसहा आलं हे ऐकून बाहेर आलेली आई दहा मिनिटांपूर्वीची आई नसते.

आणखी एक. कोण उत्तर देतंय ते नात्यासकट लिहा, आणि 'गेल्या महिन्यात किती रात्री मूल तुमच्या घरी झोपलं?' हा एक प्रश्न वर जोडा. औषध न्यायला वडील येतात, पण रात्री पाय ठणकतात तेव्हा उठते ती आई किंवा आजी.

बोलीवेल्हाळ

भाषेबद्दल थोडं, कारण गडचिरोलीत निम्मा खेळ तिथेच आहे.

भाषांतर स्वतः करू नका आणि कुणाच्या प्रबंधाच्या परिशिष्टातून उतरवूनही घेऊ नका. पेड्सक्यूएलचं वितरण मापी रिसर्च ट्रस्ट करते. त्यांच्या ईप्रोव्हाइड संकेतस्थळावर भाषा, देश, वयोगट आणि फॉर्मचा प्रकार हे चारही सांगून मागायचं. तुमच्या वयोगटाला ५ ते ७ आणि ८ ते १२ असे दोन, पालक आणि मूल मिळून चार फॉर्म लागतील. शुल्क अभ्यासाला निधी आहे की नाही यावर ठरतं, तेव्हा ते प्रस्तावाच्या आधीच विचारून घ्या.

अधिकृत फॉर्म मिळाला तरी तो तुमच्या गावात कसा ऐकला जातो ते तपासायलाच हवं. पाच-सात पालकांना बसवून एकेक ओळ वाचायची आणि विचारायचं, 'हे ऐकून तुमच्या मनात काय आलं, तुमच्या शब्दांत सांगा.' हमखास अडखळायच्या जागा सांगतो.

थकव्याची ओळ. तिथे 'अशक्तपणा' हा शब्द असेल तर सिकलसेलच्या घरात त्याचा अर्थ 'रक्त कमी' असा होतो, कारण दवाखान्यात त्यांनी तो त्याच अर्थाने ऐकलेला असतो. मग आई मुलाकडे न बघता मागचा रिपोर्ट आठवून उत्तर देते. 'लवकर थकतो', 'गळून जातो' म्हटलं की मूल डोळ्यांसमोर येतं. दुखण्याच्या ओळीत 'कणकण' नको, ती तापाची. हाडांतल्या दुखण्याला लोक 'ठणकते' म्हणतात, पण जेनेरिक फॉर्ममधली ओळ कुठल्याही दुखण्याची आहे, म्हणून साधं 'दुखणं' ठीक. 'काळजी' या शब्दाला दोन बाजू आहेत. 'मुलाला काळजी वाटते का' हे भरभर वाचलं तर 'मुलाची काळजी घेता का' असं ऐकू येतं आणि आई दुखावते. अंतराच्या ओळीत 'ब्लॉक' राहिला असेल तर तो आपल्याकडे निरुपयोगी. मुंबईत ब्लॉक म्हणजे घर, सरकारी कामात ब्लॉक म्हणजे तालुका.

घरकामाच्या ओळीत मुलगा-मुलगी फरक पडतो. मुलाला कधी काम सांगितलंच नसेल तर आई 'कधीच नाही' म्हणते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. अशा वेळी 'काम केलंच नाही' अशी वेगळी खूण ठेवून ओळ रिकामी सोडा. किती मुलांच्या बाबतीत असं झालं ते निष्कर्षात मुलगे-मुली वेगळे करून द्या.

शब्द खटकला तर मुलाखतकाराने जागच्या जागी बदलायचा नाही. सगळी निरीक्षणं एकत्र करून मापीला कळवा, बदलाला परवानगी मिळाली तरच बदला, आणि मग शेवटपर्यंत तोच मजकूर ठेवा.

'गेला एक महिना' हासुद्धा नुसता सांगून पोचत नाही. तीन महिन्यांपूर्वीची भरती कालच झाल्यासारखी आठवते. आठवडी बाजार हा चांगला खुंटा: 'मागचे चार बाजार आठवा, तेवढ्या दिवसांचं सांगा.' हे प्रश्नावली सुरू होण्याआधी म्हणायचं, ओळींच्या मजकुरात घालायचं नाही.

भामरागड, एटापल्लीकडे जाणार असाल तर घरची भाषा माडिया. तिथे मराठी फॉर्म हातात घेऊन आशाताईंनी जागेवर उल्था करून सांगणं म्हणजे प्रत्येक ताईगणिक वेगळी प्रश्नावली. एकतर रीतसर भाषांतर करा: दोघांनी स्वतंत्र, मग एकत्र मसुदा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलटं भाषांतर, मग पालकांसोबत पडताळणी. नाहीतर समावेशाच्या निकषात 'मराठी समजणारे पालक' असं उघड लिहा आणि त्यामुळे कोण सुटलं तेही मांडा. मला पहिलं जास्त पटतं. ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी ठाऊक आहे तीच मुलं दुसऱ्या वाटेने सुटतात.

अंकलिपी

गुणांची पद्धत एकच आहे, दोन नाहीत. एका मुलाचा फॉर्म घेऊन दाखवतो.

उत्तरं ० ते ४. कधीच नाही ०, जवळजवळ नेहमी ४. उलटवून शंभरात आणायचं: ० चे १००, १ चे ७५, २ चे ५०, ३ चे २५, ४ चे ०. जास्त गुण म्हणजे चांगलं जीवनमान. पाच ते सातच्या मुलांचे तीन पर्याय ०, २, ४ असेच नोंदवायचे, रूपांतर तेच.

शारीरिक भागात ८ ओळी. समजा उत्तरं २, ३, ३, २, ०, १, ३, २. रूपांतर ५०, २५, २५, ५०, १००, ७५, २५, ५०. बेरीज ४००, भागिले ८, गुण ५०.
भावनिक भागात ५ ओळी: १, २, १, २, २. बेरीज ३००, गुण ६०.
सामाजिक भागात ५ ओळी: ०, ०, १, ३, ३. बेरीज ३२५, गुण ६५.
शाळेच्या ५ ओळींपैकी दुसरी रिकामी: १, रिकामं, २, ३, ३. बेरीज १७५, भागिले ४, गुण ४३.७५.

नियम असा की भागातल्या निम्म्याहून जास्त ओळी रिकाम्या असतील तर त्या भागाचे गुण काढायचे नाहीत. पाचांत तीन रिकाम्या म्हणजे भाग गेला.

मनोसामाजिक गुण म्हणजे शेवटच्या तीन भागांतल्या सगळ्या ओळींची बेरीज भागिले उत्तरं दिलेल्या ओळी: ८०० भागिले १४, म्हणजे ५७.१४. एकूण गुण: १२०० भागिले २२, म्हणजे ५४.५५.

प्रबंधांत जे चुकतं ते इथे. कुणी चार भागांची सरासरी काढतं, ती ५४.६९ येते. कुणी शारीरिक आणि मनोसामाजिक या दोघांची सरासरी काढतं, ती ५३.५७. या मुलात फरक लहान आहे, पण शारीरिक गुण फार खाली गेलेल्या मुलात दुसरी पद्धत एकूण गुण बरेच खाली ओढते, कारण ८ ओळींना १५ ओळींइतकं वजन मिळतं. ओळींवरून काढा, भागांवरून नाही.

एक्सेलमधला सापळा याहून वाईट. रूपांतराचं सूत्र '१०० वजा २५ गुणिले उत्तर' असं लिहिलं की रिकाम्या चौकटीला एक्सेल शून्य धरतं आणि १०० गुण देतं. शाळा सोडलेल्या मुलाचा शाळेचा भाग मग शंभर नंबरी दिसतो. सूत्राला आधी 'चौकट रिकामी असेल तर रिकामीच ठेव' ही अट लावा आणि शाळेच्या भागात नेमके १०० मिळालेले सगळे फॉर्म हाताने पाहा.

पालक आणि मूल यांची जुळणी पिअरसनच्या सहसंबंधाने दाखवू नका. प्रत्येक आईने मुलापेक्षा बरोबर १५ गुण कमी दिले तरी तो १ येतो. आयसीसी (दोन मोजमापं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा गुणांक) काढा, 'निरपेक्ष जुळणी'चा प्रकार निवडा आणि कोणता निवडला ते लिहा. सोबत ब्लँड-आल्टमनचा आलेख (प्रत्येक जोडीतल्या गुणांचा फरक दाखवणारा) द्या. फरकांचं प्रमाण विचलन १८ असेल तर मर्यादा सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३५ गुण. म्हणजे गटाची सरासरी जुळली तरी एका मुलासाठी आईचं उत्तर ३५ गुणांनी इकडेतिकडे असू शकतं. ओपीडीत एका फॉर्मवरून औषध बदलणाऱ्यांनी हा आकडा बघायला हवा.

नमुन्याचा आकार: पालकांच्या एकूण गुणांत ४.५ चा फरक अर्थपूर्ण धरला जातो (मुलांच्या फॉर्मसाठी ४.४). आजारी मूल आणि भावंड अशी जोडीतली तुलना, फरकांचं विचलन १८, सार्थकतेची पातळी ५ टक्के, शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर १२६ जोड्या. घरात दुसरं मूलच नाही, किंवा तेही एसएस निघालं, असं होणार, म्हणून यादी बरीच मोठी ठेवा. भावंडाची फक्त सोल्युबिलिटी चाचणी पुरेशी नाही. ती पॉझिटिव्ह आली तर एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार) हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीवरच कळतं.

'६५.४ पेक्षा कमी म्हणजे जीवनमान धोक्यात' हा पालकांच्या फॉर्मचा निकष अनेकजण उचलतात. तो २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या सरासरीखाली एक प्रमाण विचलन मोजून आलेला आहे. गडचिरोलीच्या मुलांची त्या रेषेने 'धोक्यात' आणि 'ठीक' अशी विभागणी करू नका. भावंडं आहेत ना, तीच तुमची रेषा.

पळसफूल

मनापासून आभार. 'किती रात्री घरी झोपलं' या प्रश्नाने वेगळीच गोष्ट समोर आली. यादीतली बरीच मुलं आश्रमशाळेत राहतात. पालक त्यांना सणाला आणि सुट्टीतच बघतात. मग त्यांचा फॉर्म अधीक्षकांकडून घ्यावा का? की उन्हाळ्याच्या सुट्टीत, सगळी घरी असताना?

कोरांटी

उन्हाळ्यात नको. गेल्या महिन्यात शाळाच नव्हती, म्हणजे शाळेच्या पाचही ओळी रिकाम्या. वर उन्हात पाणी कमी पडून दुखण्याचे झटके वाढू शकतात, ते वेगळंच चित्र देईल.

अधीक्षकांकडून पालकांचा फॉर्म भरून घेऊन तो बाकीच्यांत मिसळणं चूक ठरेल. तो फॉर्म पालकांसाठी तपासलेला आहे. एका अधीक्षकांकडे शेकडो मुलं असतात. गैरहजेरी आणि दवाखान्याच्या फेऱ्या त्यांना नोंदवहीतून नेमक्या सांगता येतील, रात्रीची भीती नाही सांगता येणार. म्हणून त्यांच्याकडून मत न घेता नोंदी घ्या: महिन्यात किती दिवस गैरहजर, किती वेळा दवाखाना, किती रात्री आजारी खोलीत.

आश्रमशाळेतल्या मुलांसाठी मुख्य मोजमाप मुलाचाच फॉर्म ठेवा. पालकांचा घ्यायचाच तर दिवाळीच्या सुट्टीत किमान दोन आठवडे मूल घरी राहिल्यावर घ्या आणि तो गट विश्लेषणात वेगळा ठेवा. वसतिगृहातल्या मुलाच्या आईचा शाळेबद्दलचा अंदाज आणि घरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईचं निरीक्षण यांची एकत्र सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. या गटात पात्रतेसाठी रात्रींची अट आधीच ठरवून आराखड्यात लिहा, नंतर आकडे बघून नाही.

परवानग्यांना वेळ लागतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र, शाळेचं पत्र, पालकांची संमती. त्याशिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती. मूल नको म्हणालं तर थांबायचं, अधीक्षक म्हणाले तरी.

बोलीवेल्हाळ

आश्रमशाळेत मुलाखत वर्गात घेऊ नका. चिडवण्याच्या आणि मित्र टाळतात का याच्या ओळी आहेत, आणि चिडवणारे तिथेच बसलेले असतात. व्हरांड्याचं टोक, दिसेल पण ऐकू येणार नाही असं.

अंकलिपी

एक राहिलं होतं. आईच्या स्वतःच्या मनःस्थितीचा तिच्या उत्तरांवर परिणाम होतो. खचलेली आई मुलाला कमी गुण देते. तो परिणाम वेगळा काढायचा तर पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ ओळींची प्रश्नावली) घ्या, पण पेड्सक्यूएल झाल्यावर. त्याची नववी ओळ जीव नकोसा वाटण्याची आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी पुढे काय करायचं, कोणत्या डॉक्टरांकडे पाठवायचं, सोबत कोण जाईल, हे लिहून तयार नसेल तर ती प्रश्नावली घेऊच नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि ज्या आईला वाचता येत नाही तिच्यासमोर तिथेच लावून द्या.